खाली उतरायचे दिवस

व्हिन्का कुझ्मानिचला बेटावरच्या पोडमीर गावात सगळे ‘शोरा’ म्हणतात. हा बाईसाहेबपणाचा मान इथं सहसा केस पिकल्यावर आणि चर्चमधल्या पुढच्या बाकावर बसायला लागल्यावर मिळतो. व्हिन्काला तो तिशीतच मिळाला, कारण तिला अगंतुगं करायची कुणाची छाती होत नव्हती. तिनं धक्क्यावरून हाक मारली तर फेरीबोटीचा कप्तान आपल्यालाच बोलावलं म्हणून खाली वाकून बघायचा. आता ती एकसष्ट वर्षांची आहे. नऊ खोल्यांचं पान्सियोन, म्हणजे घरगुती हॉटेल, चालवते. सकाळची न्याहारी आणि रात्रीचं जेवण घरचं, आणि ज्या पाहुण्याला ते आवडत नाही त्याला ती दुसऱ्या दिवशी हसतमुखानं शेजारच्या हॉटेलचा रस्ता दाखवते. असा पाहुणा आजवर एकच निघाला, आणि तो आजारी होता असं तिचं ठाम मत आहे.

हा धंदा तिच्या रक्तातच आहे म्हणा ना. तिची आई पेरिना धक्क्यावर पुठ्ठ्याची पाटी घेऊन उभी राहायची. पाटीवर एकच जर्मन शब्द, ‘खोली’. बोट लागली की बायकांची रांग पुढं सरकायची आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधून तीन-चार भाषांत तोच एक शब्द ऐकवायची. पेरिना मात्र तोंड उघडायची नाही. पाटी छातीशी धरून नुसती बघायची, आणि थकलेली जोडपी बरोबर तिच्याकडेच यायची.

खोली म्हणजे अर्थात स्वतःचीच झोपायची खोली. बेटावर जून लागला की घरं खाली उतरतात. गाद्या, उशा, लेकरं, रेडिओ, सगळं तळघरात, दारूच्या पिंपांच्या मधे आणि जाळ्यांच्या ढिगावर. वरचे पलंग पाहुण्यांना. सप्टेंबर सरला की पुन्हा वर. व्हिन्काचे सगळे उन्हाळे खारवलेल्या मासळीच्या वासात गेले, आणि तिला ते फार आवडायचं. बाप पिंपाला टेकून घोरायचा, भावंडं अंधारात भुताच्या गोष्टी सांगायची. ऑगस्टमध्ये आईला पलंगावर निजलेलं तिनं कधी पाहिलं नाही, आणि त्यात काही वावगं आहे असं तिच्या डोक्यातही आलं नाही. द्राक्षं पिकतात तशी माणसं खाली उतरतात, एवढं साधं होतं ते.

पुढं तिनं सरकारी हॉटेलातल्या बेपो नावाच्या वेटरशी लग्न केलं. बेपो एका हातावर सहा ताटं न्यायचा आणि दुसऱ्या हातानं बायकांना सलाम ठोकायचा. युद्ध आलं, हॉटेलात पाहुण्यांच्या जागी निर्वासित आले, पगार बंद झाला. दोघांनी त्याच काळात बेपोच्या बापाच्या जुन्या घरावर मजला चढवायला घेतला. लोक हसले. तोफा चालू आहेत आणि ही बाई न्हाणीघराच्या फरशा निवडतेय! व्हिन्का म्हणाली, “तोफा कधीतरी थकतील. लोक आंघोळ करायचे थांबणार आहेत का?” तोफा थकल्या, पाहुणे परतले, आणि हसलेल्यांपैकी अर्ध्यांनी तिच्याकडून फरशीवाल्याचा पत्ता नेला. बेपो मात्र एका हिवाळ्यात हृदयविकारानं गेला. तिनं महिनाभर पान्सियोन बंद ठेवलं आणि मग उघडलं. रडायचं ते तिनं त्या महिन्यात रडून घेतलं.

बेपोनंतर स्वयंपाकघर सांभाळायला आली सेन्का. समुद्रापासून लांब, स्लावोनियाच्या सपाट मुलुखातली, चाळिशीच्या आसपासची, कमी बोलणारी बाई. पहिल्याच दिवशी तिनं मासळीच्या ब्रुदेतमध्ये, म्हणजे रश्श्यात, चमचा घातला. व्हिन्का किंचाळलीच. “अगं बाई, ढवळायचं नसतं! पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवायचं! मासा काय तुमच्याकडचं डुक्कर आहे?” सेन्कानं चमचा काढला, पातेलं हलवलं, आणि शांतपणे म्हणाली, “आमच्याकडे डुकराशीसुद्धा जरा हळू बोलतात, शोरा.” व्हिन्का खो खो हसत सुटली. तिथूनच दोघींचं जमलं. तीन वर्षांत सेन्काचं ब्रुदेत व्हिन्काच्या ब्रुदेतच्या पुढं गेलं, हे व्हिन्का सोडून सगळं गाव मानतं. व्हिन्काही मानते, पण उघड कबूल करत नाही.

सेन्काला राहायला तिनं पेरिनाच्या जुन्या घराचा वरचा मजला दिला. चर्चच्या मागं, दोन खोल्या, अंजिराच्या झाडावर उघडणारी खिडकी. भाडं नाही. फक्त जून ते सप्टेंबर तो मजला पाहुण्यांना जायचा आणि सेन्का पान्सियोनच्या तळघरात उतरायची. पडद्याच्या अलीकडं सेन्काची खाट, पलीकडं व्हिन्काची. कारण उन्हाळ्यात व्हिन्काची स्वतःची खोलीही पाहुण्यांनाच जायची. सगळं गाव हेच करत होतं. शाळेतल्या मास्तरीणबाई जूनमध्ये सामान बांधून माहेरी जायच्या, दवाखान्यातली नर्स मैत्रिणीच्या बोटीत झोपायची.

व्हिन्काचा मुलगा रोको स्प्लिट शहरात असतो. पान्सियोनच्या खोल्या इंटरनेटवर लावायचं काम त्याचं. दर रविवारी त्याचा फोन ठरलेला आणि त्यातलं बोलणंही ठरलेलं.

“आई, स्वयंपाकघर बंद कर गं. नऊ खोल्यांचे पाच फ्लॅट करू. दाराशी किल्लीची पेटी लावू, आकडे दाबले की उघडते. पाहुणा येईल, राहील, जाईल. तुला तोंडसुद्धा बघायला नको त्याचं.”

“मग मी काय बघू?”

“समुद्र बघ!”

“समुद्र मी साठ वर्षं बघतेय. तो काही जेवून ‘वा’ म्हणत नाही.”

हे बोलणं दोघंही थट्टेत न्यायचे, पण फोन ठेवल्यावर व्हिन्का तेच घोळवत राहायची. गावात अशा पेट्या वाढत चालल्या होत्या. हिवाळ्यात त्या गल्लीतून जाताना एकाही खिडकीत दिवा नसायचा. आपलं घर तसं झालं तर आपण जिवंत असून नसल्यासारख्या, असं तिला मनापासून वाटायचं. आणि ते होऊ द्यायचं नसेल तर स्वयंपाकघर चालू राहायला हवं, म्हणजेच सेन्का राहायला हवी. स्वयंपाकी शोधून सापडत नाहीत असे दिवस आले होते. बेटावरचे तरुण स्वयंपाकी केव्हाच आयर्लंडला भांडी वाजवायला गेले होते.

तर अशातच एप्रिलमध्ये गावात सभा भरली. सिनेमा थिएटरात, म्हणजे जिथं आता सिनेमा सोडून सगळं होतं तिथं. जिल्ह्याच्या कचेरीतून अंतेआ नावाची एक तरतरीत पोरगी आली होती. युरोपातल्या हॉटेल-पर्यटनाच्या धंद्याची धोरणं नव्यानं ठरतायत, तेव्हा बेटांनी आपापले प्राधान्यक्रम कळवायचे, म्हणजे त्याप्रमाणं निधी येईल, असं तिचं म्हणणं. पडद्यावर तिनं चित्रं दाखवली. हंगाम लांबवणे, हरित संक्रमण, भाड्याच्या घरांची नोंदणी.

“हरित म्हणजे काय करायचं?” मागून बार्बा याक्शा ओरडला. बार्बा म्हणजे दर्यावर्दी काका. याक्शानं सगळी हयात समुद्रावर काढली होती आणि आता सभांमध्ये काढत होता. “माझी बोट हिरवीच आहे!”

“आणि हंगाम लांबवायचा तर नोव्हेंबरातला वारा तुम्ही थांबवणार का?” दुसऱ्यानं विचारलं.

अंतेआ हसून पुढं गेली. पोरगी हुशार होती, चिडली नाही. पण सभा भलतीकडंच चालली होती. एकाला बंदर हवं, एकाला क्रूझ बोटी हव्या, एकाला त्या मुळीच नकोत. तेव्हा व्हिन्का उठली. माईक तिला लागतच नाही.

“ऐका जरा. बंदर बांधा नाहीतर विमानतळ बांधा, पाहुण्याला सूप कोण वाढणार? गाद्या कोण घालणार? आपण बेटावरची प्रत्येक खाट पाहुण्याला दिली. राबणाऱ्याला एक तरी ठेवली का? मास्तरीण जूनमध्ये जाते, नर्स बोटीत झोपते. आणि मग आपण रडतो, माणसं मिळत नाहीत! पोरी, तुझ्या त्या पडद्यावर सगळ्यात वर लिही. आधी कामकऱ्याचं घर. बाकी सगळं खाली.”

टाळ्या पडल्या. अंतेआनं खरोखरच सगळ्यात वर लिहिलं. व्हिन्का बसणार तेवढ्यात याक्शा बोलला.

“फार छान, शोरा. आणि जुलैमध्ये तुमची सेन्का कुठं झोपते?”

हशा पिकला. व्हिन्का डगमगणारी नव्हती. “जिथं मी झोपते तिथं! तळघरात, माझ्या शेजारी. आणि तू रे, तुझं अर्धं आयुष्य उलट्या होडीखाली झोपण्यात गेलं, तू मला विचारतोस?”

आता हशा याक्शावर उलटला. व्हिन्का जिंकली होती. सेन्का मागं कॉफीची किटली घेऊन उभी होती. ती बोलली, मोठ्यानं नाही, पण तिचा आवाज कधी ऐकला नसल्यामुळं सगळ्यांनी वळून बघितलं.

“शोरा, तुम्ही तुमच्या तळघरात झोपता. मी तुमच्या तळघरात झोपते.”

आणि तिनं पुढच्या माणसाच्या कपात कॉफी ओतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी निवडताना तिनं सांगून टाकलं. ऑस्ट्रियात डोंगरातल्या एका हॉटेलात काम मिळालंय. बारा महिने. स्वतःची खोली. एक जूनच्या सकाळच्या बोटीनं जाणार.

व्हिन्काला आधी राग आला, आणि तिचा राग म्हणजे भांड्यांना धोका. “भाडं घेतलं कधी? घरच्या माणसासारखी ठेवली! आईच्या पलंगावर झोपवली!” सेन्का भाजीच निवडत राहिली. मे महिनाभर दोघी एकमेकींशी मीठ आणि तेलापुरत्या बोलल्या. रोकोला सुगावा लागला तसा त्यानं फोनवर पेट्यांचे भावच काढले. व्हिन्कानं स्प्लिटपासून झाग्रेबपर्यंत ओळखीच्या सगळ्यांना स्वयंपाकी मागून पाहिला. एकानं विचारलं, राहायला काय देता? ती म्हणाली, हिवाळ्यात घर आणि उन्हाळ्यात... आणि तिथंच अडखळली. आयुष्यात पहिल्यांदा तिचं वाक्य अर्धवट राहिलं.

मेच्या शेवटी खाली उतरायचा दिवस आला. दुपारी व्हिन्कानं स्वतःची गादी पाठीवर घेतली आणि तळघरात आणून टाकली. दमली म्हणून जवळची खाट बघून टेकली. ती सेन्काची खाट होती. व्हिन्का त्यावर कधीच बसली नव्हती. तिथून दिसत होता पाण्याचा बंब, पान्सियोनच्या नऊ न्हाणीघरांचे पाइप, आणि दार. दाराच्या आतल्या अंगाला तिची नजर गेली. कडी नव्हती. कडी असायचं कारणच नव्हतं, कारण त्याच दारातून व्हिन्का दिवसातून वीसदा आत यायची. दारूच्या बाटल्या, बटाटे, चादरी, सगळं सेन्काच्या खाटेमागंच तर होतं. सेन्का कपडे बदलताना, सेन्का दुपारची पडलेली असताना, सेन्का घरी आईशी फोनवर बोलत असताना. व्हिन्कानं कधी दार वाजवलं नव्हतं. आपल्याच तळघराचं दार कोण वाजवतं?

पेरिनाच्या तळघरातही कडी नव्हती. पण तिथं सगळी एका रक्ताची माणसं होती. दमलेला बाप घोरत होता आणि सप्टेंबरात ती सगळी आपापल्या पलंगावर परत जाणार होती. सेन्का परत कुठं जायची? व्हिन्काच्याच दुसऱ्या घरात, पुढच्या जूनपर्यंत. व्हिन्काला एकदम लाज वाटली. याक्शाच्या बोलण्यानं जे झालं नव्हतं ते त्या बिनकडीच्या दारानं केलं.

पण लाजेत बसून राहणं हा तिचा स्वभाव नाही. ती उठली आणि तिथूनच रोकोला फोन लावला.

“आजीचं घर इंटरनेटवरून काढ. आणि माझी खोलीही.”

“आई! जुलै-ऑगस्ट भरलाय! ड्रेसडेनचे वेग्नर येतायत त्या घरात!”

“वेग्नरांना मी बघते. बाकीच्यांना याक्शाकडं पाठव, त्याच्या तीन खोल्या रिकाम्या आहेत. बायको खडूस आहे म्हणून कुणी जात नाही, पण गाद्या चांगल्या आहेत.”

“आणि एवढ्या पैशांचं काय?”

“पेट्या घेणार होतास ना? त्या नको घेऊस.”

मग तिनं वेग्नरांना फोन केला. हे जर्मन जोडपं वर्षानुवर्षं यायचं आणि आता त्यांचे गुडघे व्हिन्काच्या गुडघ्यांपेक्षा जास्त कुरकुरायचे. तिनं सगळं खरं सांगितलं. म्हाताऱ्या वेग्नरनं एकच विचारलं, “सेन्का राहणार का?” “तेच तर बघतेय.” “मग आम्हाला कुठंही टाका,” तो म्हणाला, “तळघरातसुद्धा चालेल.” “तळघरात आता कुणी झोपणार नाही, तुम्हाला पान्सियोनातच खोली देते,” व्हिन्का म्हणाली, आणि पाठीवर गादी घेऊन पुन्हा वर चढली. स्वतःच्या खोलीत. जिन्यावर दोन शेजारणी तोंडात बोट घालून बघत राहिल्या. मेअखेरीला वर जाणारी गादी पोडमीरनं कधी पाहिली नव्हती.

एक जूनची सकाळ. धक्क्यावरच्या कॉफीच्या टेबलांवर अर्धं गाव. सेन्का दोन पिशव्या आणि एक सूटकेस घेऊन उभी होती. बोट लागत होती, साखळ्या खणखणत होत्या. आणि व्हिन्का चर्चकडच्या उतारावरून आली, छातीशी पेरिनाची जुनी पाटी धरून.

हल्ली पाटी घेऊन कुणी उभं राहत नाही. सगळं फोनवर ठरतं. कॉफी पिणारे थांबले. व्हिन्का बोटीच्या तोंडाशी गेली आणि वळली. बोटीकडं पाठ, गावाकडं तोंड.

“शोरा!” याक्शा ओरडला. “पाहुणे तिकडून उतरतायत! तुमचं तोंड उलटीकडं आहे!”

व्हिन्का काही बोलली नाही. हे एवढं एकच काम ती आईकडून शिकली नव्हती, ते आज जमलं. ती नुसती उभी राहिली. उतरणारे पाहुणे तिला वळसा घालून गेले. सेन्का जवळ आली, तिला बोटीवर चढायचंच होतं. पाटीच्या कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘खोली. वर्षभर. आतून कडी.’

सेन्कानं वाचलं. मग पुन्हा वाचलं.

“आणि जूनमध्ये?”

“जून वर्षातच येतो.”

“बोलायला काय जातं, शोरा.”

व्हिन्कानं खिशातून दोन किल्ल्या काढल्या. नवं कुलूप तिनं आदल्या दिवशी स्वतः बसवून घेतलं होतं, आणि नोटरीच्या शिक्क्याचा करारही करून आणला होता, भाड्यासकट. सेन्काला भीक नको आहे एवढं तिला कळलं होतं.

“दोनच किल्ल्या?”

“दोनच. दोन्ही तुझ्या.”

“आणि तुमची?”

“माझी नाही.”

“मग तुम्ही आत कशा येणार?”

व्हिन्कानं पाटी खाली केली. एवढ्या लोकांसमोर तिला हे बोलायला जड गेलं, पण ती ते दबक्या आवाजात बोलली नाही. “दार वाजवीन.”

कॉफीच्या टेबलांवरून कुणीतरी हसलं. “हे बघायला मी तिकीट काढीन!” याक्शा म्हणाला. सेन्काही हसली, पण डोळे पुसत. बोटीचा माणूस ओरडत होता, बाई चढताय का नाही? सेन्कानं त्याला हातानंच नको म्हणून सांगितलं आणि सूटकेस उचलली. व्हिन्का पिशव्या घ्यायला पुढं झाली, तेव्हा सेन्कानं तिला एकच दिली.

पंधरवड्यानं अंतेआ पुन्हा आली, यादी पक्की करायला. सभा संध्याकाळी होती. तोपर्यंत गावात आणखी दोन मजले पाहुण्यांकडून परत घेतले गेले होते, एक मास्तरीणबाईंसाठी आणि एक नर्ससाठी. नर्सचा मजला याक्शाचा, त्या तीन खोल्यांच्या वरचा, होता आणि तो ते दिवसातून चारदा सांगत होता. व्हिन्का सेन्काला सभेला न्यायला चर्चमागं निघाली. अंजिराच्या झाडाखालून जिना चढली. तिचा हात सवयीनं थेट दाराच्या मुठीवर गेला आणि तिथंच थांबला. तिनं हात मागं घेतला, बोटं मिटली आणि दार वाजवलं.

आतून पाण्याचा आवाज येत होता. कुणी आलं नाही. व्हिन्काला वाट बघायची सवय नाही, पण ती उभी राहिली. खाली गल्लीत लोक सभेला जाता जाता वर बघत होते, बघू देत. तिनं पुन्हा वाजवलं.

“कोण आहे?” सेन्कानं आतून विचारलं.

बोटीच्या कप्तानाला ऐकू जाणारा तो आवाज एवढासा झाला.

“मी गं. व्हिन्का. येऊ का?”